स्थानभ्रंशांची हालचाल आणि धातूच्या पापुद्र्याची साक्ष

तांब्याच्या पत्र्यावर हातोड्याचे घाव पडू लागले की पत्रा आरंभी निमूटपणे वाकतो, पुढे हट्टी होतो, आणि अखेरीस भट्टीत लाल केल्याखेरीज वाकेनासा होतो. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांना ही गोष्ट पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. भांडे आकाराला आल्यावर ते मठारतात, ते केवळ त्याच्या अंगावर शोभिवंत ठसे उमटावेत म्हणून नव्हे. मठारल्याने भांड्याला बळकटी येते म्हणूनही. ठोकल्याने धातू कठीण का व्हावा आणि तापविल्याने पुन्हा मऊ का पडावा, ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मात्र विसाव्या शतकापर्यंत कोणापाशीही नव्हते. ते १९३४ साली सुचले. परंतु ज्या वस्तूच्या आधारे ते सुचले ती वस्तू कोणी पाहिलेली नव्हती. ती पाहावयास मिळाली १९५६ साली, आणि जे पाहिले गेले त्यावर कितपत विश्वास ठेवावा ह्याविषयीचा वाद त्यानंतरही अनेक वर्षे चालला. डोळ्यांनी दिसले म्हणजे प्रश्न मिटला, अशी सामान्य समजूत असते. धातूंतील स्थानभ्रंशांचा इतिहास त्या समजुतीला फारसा अनुकूल नाही.

मूळ अडचण बळाच्या हिशेबाची होती. धातू म्हणजे अणूंच्या सुबक रांगांनी बनलेल्या स्फटिकांचा समुदाय, हे क्ष-किरणांच्या विवर्तनामुळे १९१२ नंतर सिद्ध झाले. त्याआधी, १९०० च्या सुमारास, यूइंग व रोझेनहाइन ह्यांनी ताणलेल्या धातूच्या पृष्ठभागावर समांतर पायऱ्या उमटतात असे सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले होते. पत्त्यांचा जोड तिरका सरकावा तसे स्फटिकाचे थर एकमेकांवरून घसरतात, असा त्याचा अर्थ. मग एक थर दुसऱ्यावरून सरकविण्यास किती बळ लागेल? रशियन भौतिकीविज्ञ याकोव्ह फ्रेंकेल ह्यांनी १९२६ साली हा हिशेब मांडला. थरातील सगळे अणू एकाच वेळी शेजारच्या खाचेत जातात असे धरल्यास लागणारे प्रतिबल धातूच्या कर्तरी स्थितिस्थापकांकाच्या सुमारे एक षष्ठांश येते. प्रत्यक्षात शुद्ध धातूचा एकसंध स्फटिक त्या अंकाच्या दहा हजारांश, कधी त्याहूनही कमी प्रतिबलाला वाकतो. हिशेबात दोन-चार पटींची चूक असती तर ती गणिताच्या खडबडीतपणावर ढकलता आली असती. हजारो पटींची तफावत तशी झाकता येण्यासारखी नव्हती.

१९३४ साली तीन संशोधकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच तोड सुचविली. केंब्रिजचे जॉफ्री टेलर, बर्लिनमध्ये शिकलेले हंगेरियन एगॉन ओरोवान, आणि बर्लिन सोडून नुकतेच मँचेस्टरला आलेले मायकेल पोलान्यी हे ते तिघे. ओरोवान व पोलान्यी ह्यांना एकमेकांच्या कामाची वार्ता लागली, तेव्हा दोघांनी आपापले निबंध एकाच जर्मन नियतकालिकात शेजारीशेजारी छापविले. अग्रक्रमासाठी चालणाऱ्या चढाओढीच्या काळात हे सौजन्य नोंद घेण्याजोगे आहे. तिघांचे म्हणणे थोडक्यात असे : थर एकदम सरकत नाही. मोठे जाजम एका टोकाला धरून ओढले तर हलत नाही. पण त्याला एका कडेशी सुरकुती पाडून ती सुरकुती पायाने पुढे पुढे ढकलीत नेली, तर जाजम सुरकुतीच्या रुंदीइतके सहज सरकते. स्फटिकातही अशीच एक रेषा असते. तिच्या एका बाजूस घसर झालेली असते, दुसऱ्या बाजूस व्हावयाची असते. ह्या रेषेला डिस्लोकेशन म्हणजेच स्थानभ्रंश हे नाव आहे. ती रेषा सरकली की स्फटिक विकृत होतो. तिला अडथळा आला की धातू कठीण होतो. टेलर ह्यांनी ह्यापुढे जाऊन सांगितले की, विकृतीबरोबर स्थानभ्रंशांची संख्या वाढत जाते व ते एकमेकांनाच अडवितात. तांबटाच्या अनुभवाला हे पहिले सयुक्तिक उत्तर होते. १९३९ साली डच शास्त्रज्ञ बुर्गर्स ह्यांनी मळसूत्री स्थानभ्रंशाची कल्पना मांडली, आणि स्थानभ्रंशामुळे होणाऱ्या सरकण्याची दिशा व माप सांगणारी सदिश राशी प्रचारात आणली. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पुढील पंधरा-सोळा वर्षे हे शास्त्र बव्हंशी कागदावरच वाढले, आणि फार वाढले. ब्रॅग व नाय ह्यांनी १९४७ मध्ये साबणाच्या पाण्यावर सारख्या आकाराच्या बुडबुड्यांचा तराफा करून त्यात स्थानभ्रंश पळताना दाखविले. पण बुडबुडा म्हणजे अणू नव्हे. हायडेनरीच व शॉक्ली ह्यांनी १९४८ मध्ये भाकीत केले की, तांबे-ॲल्युमिनियमसारख्या धातूंत एक स्थानभ्रंश फुटून त्याचे दोन अर्धवट स्थानभ्रंश होतात व त्यांच्या मध्ये थरांच्या क्रमातील दोषाची एक पट्टी राहते. त्याच वर्षी ओरोवान ह्यांनी मिश्रधातूतील कठीण कणांमधून वाट काढताना स्थानभ्रंशाला किती प्रतिबल लागेल ह्याचे सूत्र दिले. फ्रँक व रीड ह्यांनी १९५० मध्ये दोन टोकांना अडकलेला एकच स्थानभ्रंश धनुष्यासारखा फुगून वलयामागून वलये कशी प्रसवू शकतो हे दाखविले. ह्यांपैकी कोणतीही गोष्ट धातूच्या आत घडताना कोणी पाहिली नव्हती. सिद्धान्ताची इमारत जितकी उंच जात होती तितकी पायाविषयीची शंकाही वाढत होती. कोणतेही निरीक्षण समजावून द्यावयाचे झाल्यास हवा तसा स्थानभ्रंश कल्पून घ्यावा, असा उपहास धातुशास्त्रज्ञांत होत असे, आणि तो अगदीच अन्याय्य होता असे म्हणता येत नाही.

अप्रत्यक्ष पुरावे मात्र जमू लागले होते. मळसूत्री स्थानभ्रंशाभोवती स्फटिक सर्पिलाकार वाढतो, हे फ्रँक ह्यांचे १९४९ चे भाकीत बेरिल स्फटिकावर खरे ठरले. सिलिकॉन कार्बाइडच्या स्फटिकांवरील सर्पिले लंडन विद्यापीठात टोलान्स्की ह्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अजित राम वर्मा ह्यांनी १९५१ साली दाखविली. वर्मा हे पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक झाले. १९५३ साली ब्रिस्टल येथे हेजेस व मिचेल ह्यांनी पारदर्शक सिल्व्हर ब्रोमाइडच्या आत चांदीचे कण स्थानभ्रंशांच्या रेषांवर बसवून त्या रेषा दृश्य केल्या. त्याच वर्षी बेल प्रयोगशाळेत जर्मेनियमवर एक नामी ताळा जुळला. दोन स्फटिकखंड अल्प कोनात कलून जुळलेले असतील, तर सीमेवर ठराविक अंतराने स्थानभ्रंश असले पाहिजेत, आणि ते अंतर म्हणजे बुर्गर्स सदिशाला कोनाने भागून येणारी संख्या. अम्लाने खोदलेल्या खळग्यांमधील अंतर व क्ष-किरणांनी मोजलेला कोन ह्यांचा मेळ बसला. तरीही हे सर्व धातूंबाहेरचे, आणि स्थिर. स्थानभ्रंशाचे तर सारे महत्त्व त्याच्या चालण्यात होते.

येथे केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेकडे वळले पाहिजे. पीटर हर्श ह्यांचा जन्म १९२५ साली बर्लिनमध्ये झाला होता, व १९३९ मध्ये ते निर्वासित म्हणून इंग्लंडला आले होते. ब्रॅग ह्यांच्या प्रेरणेने त्यांनी ठोकलेल्या धातूंच्या अंतर्रचनेचा अभ्यास क्ष-किरणांच्या अतिसूक्ष्म झोताने आरंभिला. ॲल्युमिनियममध्ये सुमारे दोन मायक्रॉन आकाराचे उपकण सापडले. इतर धातूंतील रचना त्याहून बारीक होती, आणि ती क्ष-किरणांच्या आवाक्याबाहेर राहिली. म्हणून इलेक्ट्रॉनांकडे वळणे क्रमप्राप्त झाले. बेल प्रयोगशाळेतील हायडेनरीच ह्यांनी १९४९ मध्येच ॲल्युमिनियमचा पापुद्रा इतका पातळ केला होता की इलेक्ट्रॉनांचा झोत त्यातून आरपार जावा. त्यांच्या चित्रांत उपकण दिसले, स्थानभ्रंशांच्या रेषा ओळखल्या गेल्या नाहीत. १९५४ मध्ये कॉस्लेट ह्यांच्या विभागात सीमेन्स कंपनीचा नवा एल्मिस्कोप सूक्ष्मदर्शक आला, आणि त्याच सुमारास मायकेल व्हेलन हे हर्श ह्यांचे विद्यार्थी झाले. यंत्र चालविण्याचे काम रॉबर्ट हॉर्न ह्यांच्याकडे होते. निबंधावरील तीन नावांचा क्रम इंग्रजी वर्णमालेप्रमाणे आहे. त्यावरून श्रेयाचे माप काढण्याचा मोह टाळलेला बरा. इतके मात्र निश्चित की, हॉर्न ह्यांच्या हाताशिवाय ही चित्रे निघती ना.

पहिला प्रयोग सोन्याच्या वर्खावर झाला. वर्ख आयताच पातळ मिळतो, पण ठोकून ठोकून त्याची अंतर्रचना इतकी गुंतागुंतीची झालेली असते की तीत काही ओळखणे कठीण. मग ॲल्युमिनियम ठोकून त्याचा सुमारे अर्ध्या मायक्रॉनाचा पापुद्रा केला, तापवून त्यातील गुंता मोकळा केला, आणि विरल हायड्रोफ्लोरिक अम्लात खाऊ घालून तो आणखी पातळ केला. अशा पापुद्र्यात उपकणांच्या सीमांवर बारीक काळ्या रेषांच्या रांगा व जाळ्या दिसल्या. काळ्या का, तर स्थानभ्रंशाभोवती अणूंच्या पातळ्या किंचित वाकलेल्या असतात. तेथे विवर्तनाची अट निराळ्या प्रकारे जुळते, काही इलेक्ट्रॉन मार्गावरून बाजूला फेकले जातात, आणि पडद्यावर त्या ठिकाणी छाया पडते. म्हणजे दिसते ते अणूंचे चित्र नव्हे, विकृतीची सावली आहे. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरला.

जर्मेनियमचा ताळा येथेही लावता येत होता. ॲल्युमिनियमचा बुर्गर्स सदिश २.८६ अँगस्ट्रॉम आहे. एका अंशाच्या कलासाठी रेषांतील अंतर सुमारे १६४ अँगस्ट्रॉम यावयास हवे. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एवढे अंतर कधीच वेगळे दाखविता येणार नाही. एल्मिस्कोपला ते सहज शक्य होते. मोजलेली अंतरे व कोन ह्यांचा मेळ समाधानकारक होता, आणि तरीही शंका उरत होती. दोन स्फटिक एकावर एक आले तर त्यांच्या जाळ्यांच्या परस्परछेदातून खोट्या समांतर रेषा निर्माण होतात. तलम वस्त्राचे दोन पदर एकमेकांवर धरले असता दिसणाऱ्या लाटांसारख्या. आश्चर्य असे की, त्या लाटांमधील अंतरही कोनाबरोबर तशाच प्रकारे बदलते. तेव्हा अंतराच्या ताळ्याने दोन्ही पक्षांचे समाधान होत होते, आणि निर्णय कोणत्याच बाजूने होत नव्हता.

हा तिढा हालचालीने सोडविला. १९५६ च्या मे महिन्यात तीव्र झोताखाली पापुद्रा पाहत असता रेषा सरकू लागल्या. झोताच्या उष्णतेमुळे पापुद्र्यात ताण उत्पन्न होत होते व तेच रेषांना रेटीत होते. त्या वाटेल तिकडे सरकल्या नाहीत. ज्या पातळ्यांवर ॲल्युमिनियम घसरते असे स्फटिकशास्त्राने आधीच सांगितले होते, त्याच पातळ्यांच्या दिशेने त्या गेल्या. काही झपाट्याने धावल्या. काही थांबत, अडखळत, हिसके देत पुढे सरल्या. कित्येक ठिकाणी रेषा एक पातळी सोडून तिला छेदणाऱ्या दुसऱ्या पातळीवर वळली. मळसूत्री स्थानभ्रंशांविषयी ही आडघसर सिद्धान्ताने वर्तविली होती. पृष्ठभागावरील ऑक्साइडच्या कवचामुळे रेषेच्या टोकांमागे माग राहत, आणि ती कोणत्या वाटेने गेली ते नंतरही वाचता येई. लाटांच्या खोट्या रेषा असे वागू शकत नाहीत. ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’च्या जुलै १९५६ च्या अंकात निबंध आला, त्याच्या शीर्षकातच रचना आणि हालचाल हे दोन्ही शब्द आहेत. टेलर तेव्हा केंब्रिजमध्येच राहत होते. त्यांनी बावीस वर्षांपूर्वी कागदावर काढलेली रेषा आता त्यांच्याच गावात पडद्यावर चालत होती.

त्याच वर्षी आणखी दोन ठिकाणी हेच दार उघडले, हेही सांगितले पाहिजे. केंब्रिजजवळच हिंक्स्टन येथे मेंटर ह्यांनी प्लॅटिनम थॅलोसायनिन ह्या सेंद्रिय पदार्थातील सुमारे १२ अँगस्ट्रॉम अंतरावरच्या पातळ्या प्रत्यक्ष वेगळ्या करून दाखविल्या, व त्यांत एखादी पातळी मध्येच संपलेली दाखविली. जिनीव्हा येथे बॅटेल संस्थेत वॉल्टर बोल्मान ह्यांनी अगंज पोलादाच्या पापुद्र्यात स्थानभ्रंश पाहिले. बोल्मान ह्यांचे खरे वैशिष्ट्य पापुद्रा करण्याच्या रीतीत होते. त्यांनी धातू ठोकून पातळ केला नाही. जाड तुकडा विद्युत्-रासायनिक झिलईने झिजवीत नेऊन त्याला भोक पडेपर्यंत नेला आणि भोकाच्या कडेचा भाग तपासला. ठोकलेल्या वर्खात जे दिसते ते ठोकण्याचा परिणाम. झिजविलेल्या पापुद्र्यात दिसते ते मूळ तुकड्यात होते असे निदान म्हणता येते. मिश्रधातूंचा अभ्यास पुढे ह्याच रीतीने झाला. ह्या साध्या कारागिरीचे मोल इतिहासात पुरेसे सांगितले जात नाही.

१९५७ मध्ये केंब्रिजच्या तिघांनी व बोल्मान ह्यांनी मिळून अगंज पोलादावर निबंध लिहिला, आणि ॲल्युमिनियममधील चित्र सर्व धातूंना लागू नाही हे लगेच स्पष्ट झाले. पोलादात स्थानभ्रंश एकाच पातळीवर शिस्तीने ओळीत उभे होते. सीमेशी येऊन, बंद दाराशी माणसे दाटावीत तसे, एकामागे एक दाटले होते. आडघसर क्वचितच होत होती. जागोजागी समांतर पट्ट्यांनी रेखलेले रुंद दोष दिसत होते. हायडेनरीच व शॉक्ली ह्यांनी वर्तविलेली पट्टी ती हीच. कारण असे की, थरक्रमातील दोष निर्माण करण्यास पोलादात फारच थोडी ऊर्जा लागते, दर चौरस सेंटीमीटरला दहा-वीस अर्गांच्या घरात. ॲल्युमिनियममध्ये तिच्या अनेकपट लागते. ऊर्जा थोडी असली की स्थानभ्रंशाचे दोन अर्धे दूर दूर राहतात, आणि पुन्हा एक झाल्याखेरीज ते आडव्या पातळीवर वळू शकत नाहीत. व्हेलन ह्यांनी १९५९ मध्ये तीन स्थानभ्रंशांच्या संगमावरील रुंदावलेल्या गाठींची वक्रता मोजून ही ऊर्जा काढली. चित्रातून संख्या काढण्याचा तो पहिला महत्त्वाचा प्रयत्न होय. १९६१ मध्ये हौवी व स्वॉन ह्यांनी तांबे व चांदी ह्यांच्या मिश्रधातूंत तीच रीत वापरली, आणि विरघळलेल्या धातूचे प्रमाण वाढेल तशी ऊर्जा घटते असे दाखविले.

तांबे आणि पितळ ह्यांतील भेद तांबटाला हाताने कळतो. त्याचे कारण आता चित्रात दिसू लागले. ठोकलेल्या तांब्यात स्थानभ्रंश गुंतून त्यांची मधमाशांच्या पोळ्यासारखी घरे बनतात : मध्ये मोकळी जागा, भोवती गुंत्याच्या भिंती. जस्त पुरेसे मिसळलेल्या पितळेत ते घरे बांधीत नाहीत. आपापल्या पातळीवर ओळी धरून राहतात. अडथळ्याला वळसा घालण्याची सोय नसल्याने पितळ अधिक वेगाने कठीण होत जाते.

काळाने कठीण होणाऱ्या मिश्रधातूंची गोष्ट निराळी. आल्फ्रेड विल्म ह्यांना १९०६ मध्ये तांबे घातलेले ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझविल्यावर काही दिवसांनी आपोआप कठीण झालेले आढळले होते. गिनिए व प्रेस्टन ह्यांनी १९३८ मध्ये क्ष-किरणांच्या आधारे, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तांब्याच्या अणूंचे अतिसूक्ष्म पुंजके त्याला कारण असल्याचे दाखविले. पुंजके लहान असता स्थानभ्रंश त्यांना कापून जातो; मोठे व कठीण झाले की कापता येत नाही, मग तो दोन कणांमध्ये फुगून पलीकडे जातो व प्रत्येक कणाभोवती एक वलय सोडून जातो. ओरोवान ह्यांच्या सूत्राप्रमाणे ह्यास लागणारे प्रतिबल कणांतील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. ॲल्युमिनियममध्ये कण ५०० अँगस्ट्रॉम अंतरावर असतील तर ते सुमारे १५० मेगापास्कल येते. शुद्ध स्फटिक एक मेगापास्कलच्या आसपासच वाकू लागतो. विमानाच्या पत्र्याचे बळ ह्या एका भागाकारात आहे. निकल्सन व नटिंग ह्यांनी १९५८ पासून अशा मिश्रधातूंतील अवक्षेप व त्यांभोवतीची विकृती चित्रित केली. १९७० मध्ये हम्फ्रीज व हर्श ह्यांनी ॲल्युमिनाचे कण विखुरलेल्या तांब्याच्या व तांबे-जस्ताच्या स्फटिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कणांशेजारी वलयांच्या रांगा होत्या, परंतु त्यांतील बरीच ओरोवान ह्यांच्या साध्या आकृतीहून निराळी, आडघसरीतून निपजलेली होती. सूत्र बळाच्या बाबतीत खरे ठरले, मागे राहिलेल्या गुंत्याच्या बाबतीत अपुरे.

ह्या यशाच्या काळातच पापुद्र्याच्या साक्षीची उलटतपासणी सुरू झाली. पहिला आक्षेप पृष्ठभागाविषयी होता. स्थानभ्रंश मोकळ्या पृष्ठभागाकडे ओढला जातो. जाड धातूत पृष्ठभाग दूर असतो. दोन-तीन हजार अँगस्ट्रॉम जाडीच्या पापुद्र्यात तो दोन्ही अंगांना हाताशी असतो. तेव्हा पातळ करता करताच कित्येक स्थानभ्रंश निसटून जात असले पाहिजेत, आणि जे सहज हलणारे तेच आधी निसटणार. म्हणजे ज्यांची हालचाल अभ्यासावयाची तेच साक्षीदार गैरहजर! दुसरा आक्षेप असा की, पापुद्रा ताणता आला तरी त्यातील एखाद्या स्थानभ्रंशावर नेमके किती प्रतिबल पडते हे सांगता येत नव्हते. त्यामुळे वेगाचे पहिले भरवशाचे आकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून आलेच नाहीत. जॉन्स्टन व गिलमन ह्यांनी १९५९ मध्ये लिथियम फ्लुओराइडच्या जाड स्फटिकावर ते मिळविले. स्फटिक अम्लात खोदावयाचा, ठराविक काळ ठराविक प्रतिबल द्यावयाचे, पुन्हा खोदावयाचा, आणि दोन खळग्यांमधील अंतराला काळाने भागावयाचे. इतक्या साध्या साधनाने त्यांनी बारा दशमानांच्या पल्ल्यातील वेग मोजले. पुढच्याच वर्षी स्टाइन व लो ह्यांनी सिलिकॉनयुक्त लोखंडात तीच रीत वापरून मिश्रधातूतील वेग दिले. चलच्चित्र दाखविणारे यंत्र एकीकडे, आकडा देणारी अम्लाची बशी दुसरीकडे, असा तो काळ होता.

शंकांना उत्तर देण्याचे मार्ग नाना प्रकारचे निघाले. स्टटगार्ट येथे एस्मान ह्यांनी १९६३ मध्ये विकृत तांबे न्यूट्रॉनांनी मारून, पापुद्रा करण्यापूर्वीच स्थानभ्रंश जागच्या जागी खिळवून टाकले. मग पातळ केले तरी ते निसटत नाहीत. मुग्राबी ह्यांनी पुढे भार चढलेला असतानाच असे खिळवून, फुगलेल्या रेषांच्या वक्रतेवरून आतले प्रतिबल काढले. दुसरा मार्ग बळजोरीचा होता. दाब वाढविला की इलेक्ट्रॉन जाड पापुद्रा भेदतात. तूलूझ येथे द्यूपूई व पेरिए ह्यांनी १९६० मध्ये दहा लक्ष व्होल्टचा सूक्ष्मदर्शक उभारला. पुढे जपानातही अशी यंत्रे मिश्रधातू ताणून पाहण्यासाठी वापरली गेली. मायक्रॉनभर जाडीत वागणूक जाड धातूच्या जवळ येते, हे खरे. परंतु ॲल्युमिनियममध्ये सुमारे १७० व तांब्यात सुमारे ४०० किलोव्होल्टच्या पुढे इलेक्ट्रॉन अणूंनाच जागेवरून उडवून लावतात, उडालेल्या अणूंचे पुंजके स्थानभ्रंशांना अडवितात, आणि पाहणाराच पाहावयाची वस्तू बिघडवितो. औषधाने दुसरा रोग जडावा तसा हा प्रकार झाला.

तिसरा मार्ग सर्वांत फलदायी ठरला, आणि तो यंत्राचा नव्हता, वाचनाचा होता. हर्श, हौवी व व्हेलन ह्यांनी १९६० मध्ये स्थानभ्रंशाच्या छायेचे गणित मांडले. ज्या पातळ्यांवरून विवर्तन होत आहे त्या पातळ्या एखाद्या स्थानभ्रंशामुळे वाकत नसतील, तर ती रेषा चित्रातून नाहीशी होते. म्हणून पापुद्रा निरनिराळ्या दिशांना कलवून रेषा केव्हा दिसते व केव्हा लोपते हे नोंदले की बुर्गर्स सदिशाची दिशा मिळते. येथे न दिसणे हाच पुरावा. दिसणारी रेषाही स्थानभ्रंशाच्या नेमक्या जागेवर नसते. थोडी बाजूला, आणि शेकडो अँगस्ट्रॉम रुंद असते. मार्सिंकोव्स्की, ब्राउन व फिशर ह्यांनी १९६१ मध्ये सोने-तांब्याच्या सुव्यवस्थित मिश्रधातूत जोडीने चालणारे स्थानभ्रंश दाखविले (कोहलर व झाइट्स ह्यांचे १९४७ चे भाकीत), तेव्हा ह्याच गणिताशिवाय खरी जोडी व एका रेषेची दुहेरी सावली ह्यांत भेद करणे शक्य नव्हते. १९६३ च्या केंब्रिजमधील उन्हाळी वर्गातून निघालेला पाच लेखकांचा पातळ स्फटिकांवरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही वाचनाची विद्या जगभर गेली. कॉकेन, रे व व्हेलन ह्यांनी १९६९ मध्ये मुद्दाम दुर्बल विवर्तित झोताने चित्र काढण्याची युक्ती काढली. रेषा वीस अँगस्ट्रॉमच्या आसपास अरुंद झाली, आणि तांबे व चांदी ह्यांसारख्या शुद्ध धातूंतही स्थानभ्रंशाचे दोन अर्धे वेगळे मोजता येऊ लागले.

प्रतिबलाचा प्रश्नही वाचनानेच सुटला. फुगलेला स्थानभ्रंश हीच एक ताणलेली दोरी आहे. तिच्या वक्रतेची त्रिज्या मोजली की त्या ठिकाणचे प्रतिबल निघते. ॲल्युमिनियममध्ये एक मायक्रॉन त्रिज्येला ते सुमारे पावणेचार मेगापास्कल भरते. ताणणारे साधन विल्सडॉर्फ ह्यांनी १९५८ मध्येच सूक्ष्मदर्शकात बसविले होते; त्यात आता चित्रफीत, तापमानाचे नियंत्रण व वक्रतेचे मोजमाप ह्यांची भर पडली, आणि एकाच रेषेचे प्रतिबल, वेग व वाट एकाच वेळी नोंदणे शक्य झाले. तूलूझच्या कायार ह्यांनी हे काम चिकाटीने चालविले, आणि मार्टिन ह्यांच्यासह २००३ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात अनेक धातू व मिश्रधातूंविषयीची निरीक्षणे एकत्र केली. २००४ मध्ये कँटर व सहकाऱ्यांनी पाच धातू समप्रमाणात मिसळून केलेल्या मिश्रधातूचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्या वर्गातील मिश्रधातूही अशाच पापुद्र्यांत ताणून पाहिल्या जाऊ लागल्या.

कायार ह्यांनी २०१० मध्ये शुद्ध लोखंडावरील मोजमापे प्रसिद्ध केली. सामान्य तापमानाला मळसूत्री स्थानभ्रंश सरळ राहून संथपणे सरकतात, आणि रेषा जितकी लांब तितकी ती वेगाने चालते, असे त्यांत आढळले. हालचाल रेषेवर कोठेतरी उमटणाऱ्या व दोन्ही टोकांकडे धावणाऱ्या बारीक वळणांनी होत असेल, तर असेच घडावयास हवे : रेषा लांब असली की वळण उमटण्यास जागा अधिक. जाड तुकड्यात निरनिराळ्या लांबीच्या असंख्य रेषांची सरासरी हाती येते व हा संबंध तीत बुडून जातो. पापुद्र्यात एकेका रेषेची लांबी पडद्यावर मोजून तिचा वेग तिच्यापुढे मांडता येतो.